दाढेचं माळवद

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत धारूरच्या मेव्हण्यानं सीताफळाची टोपली पाठवली. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, आता त्याला जीआय टॅग बिग मिळालाय म्हणे, आम्ही तर लहानपणी टॅग नसतानाच पोट बिघडेपर्यंत खाल्लीत. तर ओसरीवर बसून तिसरं फळ चालू होतं, बायकोशी लाईटबिलावरून काहीतरी वाद चालला होता आणि बोलता बोलता डाव्या बाजूच्या खालच्या दाढेत बी आली आणि मी ती जोरात चावली. कट्ट. आधी वाटलं बी फुटली. थुंकून हातावर घेतलं तर बी शाबूत, काळी कुळकुळीत, आणि तिच्या शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढुरका तुकडा, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं काळपट.

"काय झालं ओ?"

"दात मोडला."

"बी तर नाही ना गिळली?"

आता बघा, माणसाचा दात मोडलाय आणि हिला बीची काळजी.

दुखत काहीच नव्हतं. नुसती कड पत्र्यासारखी धारदार लागायची आणि जिभेला दुसरा धंदाच राहिला नाही, झोपेत सुद्धा ती तिथंच. आमच्याकडचा नियम असा की दुखत नाही तोवर डॉक्टर नाही, त्यामुळं आठ दिवस तसेच गेले. नवव्या दिवशी शाळेतल्या माठाचं गार पाणी त्या दाढेला लागलं आणि कानापर्यंत अशी कळ गेली की वर्गातली पोरं म्हणाली सर रडायलेत.

ह्या दाढेचा इतिहास जुना आहे. दहा वर्षांचा असताना ती पहिल्यांदा दुखली तेव्हा आज्जी मला गावातल्या एका म्हाताऱ्याकडं घेऊन गेली. त्यानं भुईरिंगणीच्या बिया तेलात भिजवून निखाऱ्यावर टाकल्या आणि नळीनं तो धूर माझ्या तोंडात सोडला, खाली पाण्याची परात. डोळ्यातून नाकातून धारा, आणि शेवटी परातीत तरंगणारे बारीक पांढरे कण दाखवून म्हातारा म्हणाला, ही बघ कीड. आज्जीनं हात जोडले. ते किडे म्हणजे बियांचंच काहीतरी फुटून पडलेलं असणार हे मला फार उशिरा कळलं. पण धुरानं दुखणं दोन दिवस थांबलं होतं हेही खरं आहे, उगाच म्हाताऱ्याला नावं ठेवत नाही.

"दाताला कीड लागली" हा शब्दच आपल्याला फसवतो. ज्वारीला लागते तशी अळी दाताला लागत नाही. तोंडातले जंतू गोडाधोडावर जगतात आणि त्याचं ॲसिड करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका खाली तितकं ॲसिड जास्त, तो साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात, मग लाळ हळूहळू ते पुन्हा वर आणते, थोडंफार परत भरते. अशी ही रोजची देवघेव. आता ज्या माणसाला दिवसातून आठ वेळा गोड चहा लागतो, स्टाफरूममध्ये एक, टपरीवर एक, कुणी आलं म्हणून एक, त्याच्या लाळेनं भरायचं तरी किती. एकदम पावशेर पेढे खाल्लेले परवडले, पण हे दिवसभर घोटघोट वाईट, असं मला डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितलं. चहा काही सुटला नाही, साखर अर्धी केली.

धुरीनंतर काही वर्षांनी, 1997 ला, डीएडला असताना जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरनं त्या दाढेत चांदी भरली. ते अजून डोळ्यासमोर आहे. काचेच्या छोट्या खलात त्यांनी कसलीतरी पूड आणि पारा घेऊन किर्रकिर्र घोटला, मग तो गोळा फडक्यात घालून पिळला, जास्तीचा पारा थेंबाथेंबानं बाहेर, आणि उरलेलं ते करड्या लोण्यासारखं दाढेत दाबून दाबून बसवलं. पण त्याआधी खड्डा! बापरे. मला दुखत होतं ते टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाच्या जागी आणि त्यांनी अर्धी दाढ पोखरली. मी घरी येऊन आरशात बघितलं तेव्हा दाढेपेक्षा चांदीच जास्त दिसत होती. त्या माणसावर मी पुढं सत्तावीस-अठ्ठावीस वर्ष राग धरून होतो.

तो राग चुकीचा होता हे मला त्याच दिवाळीत कळलं.

माझी आताची डॉक्टर म्हणजे माझीच विद्यार्थिनी. सातवी ब, तिसरा बाक, आणि भयंकर बोलकी. मी तिला वर्षभर "तोंड बंद ठेव" एवढंच सांगितलं असेन. आता अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागं तिचा दवाखाना आहे. खुर्चीवर आडवा झालो, डोळ्यावर दिवा, आणि ती म्हणाली, "सर, तोंड उघडा." तिच्याही लक्षात आलं असणार कारण मास्कच्या आत ती हसली. तिला अगं म्हणावं का मॅडम म्हणावं ह्या पेचात मी, आणि तोंड उघडं असल्यामुळं तो प्रश्न आपोआप मिटला.

तिनं आरशात दाखवलं. चांदी जशीच्या तशी होती. मोडली होती ती तिच्या बाजूची दाताची भिंत, आणि भिंतीच्या आतून, चांदीच्या कडेनं, काळं उतरलं होतं.

"एवढीशी फट होती सर. आत बघा किती."

आमचं गावाकडचं घर माळवदाचं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, तुळया, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पाला-पाचट आणि वर हात-दीड हात माती, सगळ्यात वर पांढरी माती चोपलेली. उन्हाळ्यात आत गारेगार. पण पावसाळ्याच्या आधी आबा वर चढून रांगत रांगत माळवद तपासायचे. वर मुंगीच्या बिळाएवढं भोक दिसतं, बोटही जात नाही, पण पाणी त्यातून एकदा खाली गेलं की आत मऊ मातीत पसरतं, पाला कुजतो, किलच्या कुजतात, आणि गळतं मात्र तिसऱ्याच खणात. दाताचं अगदी तसंच आहे. वरचं कवच, इनॅमल, ते 96 टक्के खनिज, शरीरात त्याच्याएवढं टणक दुसरं काही नाही. त्याच्या खालचं डेंटिन मऊ, त्यात लाखो बारीक नळ्या. कीड वरून टाचणीएवढ्या भोकानं शिरते आणि खाली गेल्यावर हातपाय पसरते. आणि दुखणं सुद्धा माळवदासारखंच, खालची दाढ किडते आणि माणूस सांगतो वरची दुखायलीय.

आणखी एक. हाड मोडलं तर जुळतं. दाताचं कवच ज्या पेशींनी बनवलं त्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर संपतात. म्हणजे एकदा जे कवच गेलं ते गेलं. हे माहीत असताना चांगला दात कापायचा म्हणजे काय, तर आबा जसं म्हणायचे, गळती बुजवायला चढलाय, खोरं जपून मार, नाहीतर तूच खाली येशील.

मग त्या 1997 च्या डॉक्टरनं एवढं का पोखरलं? तर चांदी दाताला चिकटत नाही. ती नुसती खड्ड्यात अडकून बसते. म्हणून खड्डा रांजणासारखा करावा लागतो, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद, आणि पातळ थर तुटतो म्हणून खोलही पाहिजे. शिवाय शिकागोचे जी. व्ही. ब्लॅक म्हणून दंतवैद्य होऊन गेले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी सगळे नियम घालून दिले, त्यात एक असा की किडीच्या आजूबाजूच्या चांगल्या खाचा पण खोदून घ्या, म्हणजे पुढं तिथं कीड लागायला नको. तेव्हाच्या काळात ते बरोबरही असेल, ना घरोघर ब्रश ना फ्लोराईडची पेस्ट. म्हणजे माझी अर्धी दाढ गेली ती किडीसाठी कमी आणि चांदीला बसायला जागा पाहिजे म्हणून जास्त. पाहुण्यासाठी घरच्यांनी ओसरीत झोपायचं, तसं. भिंती पातळ झाल्या आणि सीताफळाच्या बीनं काम तमाम केलं.

तरी चांदीला मी वाईट म्हणणार नाही. ऊस, हुरडा, खारे शेंगदाणे, ठेच्यातले खडे, एवढं सगळं तिनं पाऊण आयुष्य सोसलं. आता ती जायला लागलीय ते पाऱ्यामुळं, निम्म्याच्या आसपास पाराच असतो तिच्यात. जपानमध्ये मिनामाता गावाला कारखान्याच्या पाऱ्यानं समुद्रातले मासे नासले आणि माणसं लुळी झाली, त्या गावाच्या नावानं 2013 साली जगभराचा करार झाला, भारतानं 2018 ला त्याला मान्यता दिली. युरोपियन युनियनच्या देशांत 2025 पासून चांदी भरणं जवळपास बंदच. पण ज्यांच्या तोंडात जुनी चांदी नीट बसलीय त्यांनी हे वाचून लगेच काढायला पळू नका, मॅडमचं स्पष्ट म्हणणं आहे की चांगली असेल तर हात लावायचा नाही, काढतानाच उलट वाफ उडते आणि दातही अजून कापला जातो.

माझी काढावी लागली कारण खाली किडलं होतं. आधी तिनं मला खिडकीजवळ नेऊन दाताच्या रंगाच्या पट्ट्या दाखवल्या, साडीच्या दुकानात मॅचिंग ब्लाऊजपीस लावून बघतात तशा दाढेला एकेक लावून बघितल्या. ए वन, ए टू, ए थ्री. मी म्हणलं पांढराच लाव ना चांगला. तर म्हणाली, "सर, तुमच्या दाताचा रंग ए साडेतीन आहे. पांढरा लावला तर भिंतीला चुना आणि मधेच एक टाईल बसवल्यासारखं दिसेल." रंग आधीच बघायचा असतो, तोंड उघडं राहून दात वाळला की तो फिका पडतो आणि मग मॅचिंग चुकतं. माझ्या दातांचा ए साडेतीन कशानं झाला हे आम्ही दोघांनीही काढलं नाही. चहा.

मग एक रबराचा हिरवा पडदा ताणून दाढ तेवढी बाहेर, बाकी तोंड आत. लाळ आली की सगळं बिघडतं. चांदी निघाली, आणि मग तिनं मशीन बाजूला ठेवून छोट्या चमच्यासारखं हत्यार घेतलं. हा भाग मला सगळ्यात आवडला. मऊ ओलं किडलेलं ती खरवडून काढत होती, दोडक्याचा गर निघतो तसं ते निघायचं, आणि कडेचं सगळं अगदी टणक लागेपर्यंत साफ. पण तळाशी, नसेच्या जवळ, ती थांबली. तिथलं थोडं तपकिरी, चामड्यासारखं चिवट होतं, ते तिनं ठेवलं. मी हातानं विचारलं, हे? तर म्हणाली, "हे काढायला गेले तर नस उघडी पडेल आणि मग रूट कॅनाल. वरून हवाबंद केलं की आतले जंतू उपाशी पडतात, हे पुन्हा टणक होऊ शकतं." पूर्वी हे सगळं पांढरं स्वच्छ होईपर्यंत खणायचे. काय काढायचं हे कुणीही शिकतं हो, पण हात कुठं थांबवायचा ते चमच्याच्या टोकाला कळायला लागतं. बोलण्यात कधी थांबली नाही ही पोरगी.

मग निळी जेल. फॉस्फोरिक ॲसिड, 37 टक्के वगैरे, पंधरा सेकंद कवचाच्या कडेला लावून धुतलं आणि हवा मारली तर कड खडूसारखी पांढरी फटक. माझा खडूशी जन्माचा संबंध, म्हणून लगेच दिसलं. दारावर "पाट्याला टाकी लावाsss" म्हणत बाया यायच्या आठवतंय? गुळगुळीत झालेला पाटा टाकीनं खडबडीत करायचा म्हणजे वाटण धरतं. ही जेल तेच करते, फक्त डोळ्याला न दिसणारी टाकी. 1955 साली मायकल ब्युनोकोर ह्या अमेरिकन माणसानं हे पहिल्यांदा दातावर करून बघितलं, कारखान्यात पत्र्याला रंग धरावा म्हणून फॉस्फोरिक ॲसिड लावतात त्यावरून त्याला सुचलं. मग राफेल बोवेन ह्यांनी 1962 च्या सुमाराला काचेची पूड घातलेलं नवं रेझिन, म्हणजे घट्ट होणारा डिंकासारखा माल, आणलं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर पहिल्यांदा असं झालं की भरायचा माल दाताला धरून राहायला लागला. मग रांजण कशाला खोदायचा? जेवढं किडलं तेवढंच काढा.

आतल्या डेंटिनला चिकटवणं मात्र अवघड, ते ओलसर असतं. गंमत म्हणजे ते एकदम वाळवून पण चालत नाही, किंचित ओल ठेवावी लागते. हे ऐकून मला आईच आठवली. भिंतीचा पोपडा गेला की ती लिंपायच्या आधी जुन्या भिंतीवर पाण्याचा हात फिरवायची, कोरड्या भिंतीला नवी माती धरत नाही म्हणायची.

त्यानंतर माल. मऊ मेणासारखा, दाताच्या रंगाचा, एकेका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, कारण निळा प्रकाश त्याच्या पलीकडं नीट पोचत नाही आणि हा माल घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसतो, एकदम भरला तर कडेनं फट पडते. थर लावायचा, वीस सेकंद निळा दिवा, पीक पीक, पुन्हा थर. तिसऱ्या का चौथ्या थराला लाईट गेली. आमच्याकडं लाईट जाणं ही काही बातमी नाही, पण दिवसाही अंधारी अशी ती आतली खोली, पंखा बंद, खुर्चीवरचा दिवा बंद, कॉम्प्रेसर बंद. इन्व्हर्टर उठेपर्यंत दहा-वीस सेकंद सगळीकडं काळोख आणि उजेड फक्त माझ्या तोंडात, कारण तो निळा दिवा बॅटरीवरचा. ती तशीच हात न हलवता धरून उभी, नारिंगी काचेतून बघत. बाहेर बसलेली बायको नंतर म्हणाली, दाराच्या फटीतून बघितलं तर तुमचे गाल निळे दिसायले होते.

शेवटी कार्बन पेपर चावायला दिला. "टक टक करा सर. आता घासा." जिथं निळा ठिपका जास्त तिथं उंच, ते घासायचं. तीन वेळा केलं. तिनं दाढेवर नुसता सपाट गोळा ठेवला नव्हता, जुन्या दाढेला होत्या तशा टेकड्या आणि घळी बारीक सुईनं कोरल्या होत्या. मागच्या दाढेत कोण बघणार आहे, म्हणलं. "जीभ बघते ना," म्हणाली.

पैसे सतराशे. रूट कॅनाल आणि कॅपवर गेलं असतं तर त्याच्या चार-पाच पट. आणि मी विचारलं, किती वर्ष टिकेल, तर तिनं खोटं सांगितलं नाही. चांदीएवढं बिनतक्रार नाही टिकत हे. सात, दहा, नीट ठेवलं तर जास्त. रात्री दात खात असाल तर कमी. पण पुढच्या वेळी कड फुटली तर तेवढीच कड दुरुस्त करता येते, सगळं उकरावं लागत नाही. माळवदाचं पण असंच होतं, दर वर्षी थोडी माती.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. बहीण नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या अलीकडं दिलेली. त्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांच्या दातावर पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते डाग पडतात, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत जे पाणी प्यालं ते जन्मभर पुढच्या दातावर लिहिलेलं. तीच वस्तू पेस्टमध्ये चिमूटभर असली की दात वाचवते, आणि विहीर-बोअरमध्ये जास्त झाली की ही गत. भाचीला डाग फार नाहीत, वरच्या दोन दातांवर ढगासारखे पांढरे पट्टे. बावीस वर्षांची आहे, मार्चमध्ये लग्न ठरलेलं, आणि जानेवारीत स्कूटीवरून पडून पुढच्या दाताचा कोपरा उडाला.

तिकडं एका ठिकाणी सांगितलं, चार दातांना कॅप करू, डाग पण जातील, एकदम हिरॉईनसारखे पांढरे. कॅप करायची म्हणजे दात चारी बाजूंनी घासून खुंटी करायची. तीन चांगले दात, एका मोडलेल्या कोपऱ्यासाठी. बहीण पैसे भरून बसलीच होती, मी फोनवर ओरडलो म्हणून भाची अंबाजोगाईला आली.

ह्या वेळी मला बाजूला उभं राहून बघता आलं. दाढेचं काम आणि पुढच्या दाताचं काम ह्यात मोटारीचं पंक्चर आणि मोटारीचा रंग एवढा फरक. मोडलेल्या कडेला तिनं अगदी हलका उतार दिला, बाकी दात घासलाच नाही. मागून एक पातळ थर काचेसारखा, मग त्यावर जरा गढूळ माल, दाताच्या आतल्या भागासारखा, मग वर पुन्हा पारदर्शक. दाताची कड उजेडात निळसर दिसते, ती पण आणली. आणि सगळं झाल्यावर, शेवटच्या थराच्या आत, एका केसाएवढ्या ब्रशनं तिनं पांढऱ्या रंगाची एक वेडीवाकडी रेघ ओढली. शेजारच्या दातावर होती तशी.

भाची आरसा हातात घेऊन जवळजवळ रडायलाच आली. "मामा, नव्या दाताला पण डाग कशाला लावला हो?"

मॅडमनी सांगितलं, नाही लावला तर सगळ्यांना कळेल कोणता नवा. पट्टे नको असतील तर नंतर बघू, न कापता पण ते फिके करता येतात, पण आज हा तुझ्या बाकीच्या दातांत बसला पाहिजे. भाचीनं आरसा लांब धरला, जवळ धरला, ओठ वर केला, नखानं चाचपलं. जीभ फिरवली. "कुठून कुठपर्यंत नवीन आहे?" मी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, मोबाईलची टॉर्च मारली. नाही सापडलं.

रात्री ती घरी पोचल्यावर बहिणीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं भडकलीय.

"दादा, मी दिव्याखाली धरून बघितलं. काहीच केलेलं दिसत नाही. मग अडीच हजार घेतले कशाचे?"